भाताचे पाणी



उर्दूत आपण 'चावल' हा एकच शब्द वापरतो. दुकानातून आणतो ते चावल आणि ताटात वाढतात तेही चावल. मराठीत मात्र पोत्यात असतो तो तांदूळ आणि शिजला की तो भात. (शेतात उभ्या असलेल्या पिकालाही भातच म्हणतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.) दरवर्षी एखादा विद्यार्थी परीक्षेत 'आईने भात निवडला' असे लिहितो आणि मी तिथे लाल पेनने खूण करते. तांदळाचा भात होतो तो चुलीवर, अर्ध्या तासात. या पाठात आपण त्या अर्ध्या तासाकडे थोडे लक्ष देऊन पाहणार आहोत. कारण तांदूळ तोच असला तरी शिजवण्याची रीत बदलली की ताटात येणारा भात बदलतो, आणि शरीराला त्यातून काय मिळते तेही बदलते.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात आहे. लहानपणी मी दादीला भात करताना पाहत असे. ती मोठ्या टोपात भरपूर पाण्याचे आधण ठेवी. पाणी खळखळू लागले की त्यात धुतलेले तांदूळ वैरी. मधूनमधून एक शीत काढून बोटांनी दाबून पाही. शीत शिजले की टोपावर वेळणी ठेवून तो फडक्याने धरी आणि सगळे जास्तीचे पाणी दुसऱ्या भांड्यात काढी. याला कोकणात 'भात वेळणे' म्हणतात. मग टोप निखाऱ्यावर थोडा वेळ ठेवला की भात मोकळा होई. काढलेल्या त्या पांढऱ्या पाण्याला मराठीत पेज म्हणतात. आपल्या घरांतून त्याला गंजी किंवा पीच म्हणतात.

लग्नानंतर मी भिवंडीत आले. इथे घरात प्रेशर कुकर होता. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन शिट्या आणि भात तयार. पाणी काढणे नाही, शीत दाबून पाहणे नाही. गॅस वाचतो आणि मलाही सकाळी शाळेत वेळेवर पोहोचता येते.

काही वर्षांपूर्वी माझ्या अब्बांना मधुमेह असल्याचे कळले. उर्दूत आपण ज्याला जियाबेतीस म्हणतो तोच हा आजार. झाले! घरात येणारा प्रत्येक पाहुणा सल्ला देऊ लागला. 'कुकरचा भात बंद करा, त्यानेच साखर वाढते. पूर्वीसारखा पाणी काढून भात करा.' कोणी म्हणाले, 'भात सोडूनच द्या.' ज्या माणसाने आयुष्यभर दोन्ही वेळा भात खाल्ला त्याला भात सोडायला सांगणे किती कठीण आहे हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको. अब्बा दोन दिवस गप्प बसून पोळी खात राहिले. तेव्हा मी ठरवले की या प्रश्नाची नीट माहिती घ्यायची. जे कळले ते तुम्हांला सांगते.

आधी तांदळाचा दाणा पाहू. शेतातून येते त्या धान्याच्या दाण्यावर बाहेर एक जाड टरफल असते. त्याला तूस म्हणतात. तूस काढले की आत तांबूस रंगाचा पातळ थर दिसतो. हा कोंडा. दाण्याच्या एका टोकाला बारीक अंकुर असतो. त्याच्या आत जो पांढरा भाग उरतो तोच आपण नेहमी खातो. हा पांढरा भाग बहुतेक पिष्टाचा, म्हणजे तुम्ही विज्ञानात ज्याला निशास्ता म्हणता त्याचा बनलेला असतो. कोंडा आणि अंकुर यांत मात्र ब गटातील जीवनसत्त्वे, म्हणजे हयातीन, तंतू आणि काही क्षार असतात. घरी उखळात सडलेल्या तांदळावर हा कोंडा बराचसा राहतो. गिरणीत तांदूळ पॉलिश केला की तो निघून जातो. दाणा चमकतो, दिसायला सुंदर होतो, जास्त दिवस टिकतो आणि त्यातला चांगला भाग गुरांच्या खाद्यात जातो.

ही गोष्ट माणसाला कळायला फार उशीर लागला आणि तोपर्यंत असंख्य माणसे मेली. त्या आजाराचे नाव बेरीबेरी. पायांतील शक्ती जाते, मुंग्या येतात, अंग सुजते आणि शेवटी हृदय थांबते. एकोणिसाव्या शतकात जावा बेटावर हा आजार सैनिकांत आणि कैद्यांत फार होता. तेव्हा तिथे हॉलंडचे राज्य होते. क्रिस्तियान आयकमान नावाचा डच डॉक्टर बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्ता शहरात, या आजाराचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेत कोंबड्या होत्या. 1889 मध्ये त्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या, पडू लागल्या. त्यांची लक्षणे बेरीबेरीसारखीच होती. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. औषध तर कोणीच दिले नव्हते!

चौकशी केली तेव्हा गंमत कळली. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उरलेला पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. नंतर तिथे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात साध्या कोंबड्यांना देणार नाही, असे त्याने सांगितले. मग कोंबड्यांना पुन्हा न सडलेला स्वस्त तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. त्या स्वयंपाक्याचे नाव इतिहासात फारसे कोणी घेत नाही, पण त्याच्या हट्टाने एक मोठा शोध लागला असे मला नेहमी वाटते. पुढे जावाच्या सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी झाली. पांढरा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत सुमारे चाळीस कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होता. कोंडा असलेला तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांमागे जेमतेम एकाला. आयकमानला सुरुवातीला वाटले की पांढऱ्या तांदळात काहीतरी विष आहे. ते चूक होते. विष नव्हते, तर जे हवे ते नव्हते. हे त्याचा सहकारी ग्रिन्स याने 1901 मध्ये सांगितले. जे हवे होते ते म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, थायमिन. आयकमानला 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता चुलीकडे वळू. थायमिन पाण्यात विरघळते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे तुमचे तुम्हांला समजेल.

तांदूळ धुताना पाणी दुधासारखे पांढरे होते. त्या पाण्याला धुवण म्हणतात. काही बायका पाणी अगदी नितळ येईपर्यंत चार-पाच वेळा तांदूळ चोळून धुतात. अशा धुण्याने वर चिकटलेली पूड जाते, पण उरलीसुरली जीवनसत्त्वेही मोरीत जातात. हलक्या हाताने एक-दोनदा धुणे पुरे. एक अपवाद आहे. पुष्कळ घरी किडे लागू नयेत म्हणून साठवणीच्या तांदळाला बोरिक पावडर लावतात. तसा तांदूळ मात्र नीट धुतलाच पाहिजे. बोरिक पावडर पोटात जाणे चांगले नाही. माझे मत विचाराल तर ती लावूच नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि कडक ऊन यांवर आमच्या दादीचे तांदूळ वर्षभर टिकत.

धुण्यानंतर शिजवणे. भात वेळला की थायमिनचा बराच भाग त्या पाण्याबरोबर भांड्याबाहेर जातो. कुकरमध्ये पाणी मोजून घालतो आणि ते सगळे दाण्यात मुरते, म्हणून पाण्यात उतरलेले जीवनसत्त्व परत भातातच राहते. कुकरच्या आत वाफ कोंडल्यामुळे तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते. उघड्या भांड्यात ते 100 अंशांच्या वर जात नाही. उष्णतेने काही जीवनसत्त्व नष्ट होते हे खरे, पण भात लवकर शिजतो आणि पाणी टाकले जात नाही. त्यामुळे एकंदरीत नुकसान वेळलेल्या भातापेक्षा कमीच होते. झाकण ठेवून मंद आचेवर मोजक्या पाण्यात पातेल्यात केलेला भातही तितकाच चांगला. फक्त त्यात खाण्याचा सोडा टाकू नका. भात किंवा डाळ लवकर शिजावी म्हणून काही जण चिमूटभर सोडा टाकतात. सोड्याने थायमिन नष्ट होते.

मग आमची दादी चुकत होती का? नाही. कारण ती पेज फेकत नव्हती. सकाळी मीठ घालून, थोडी शिते टाकून ती पेज घरातले सगळे पीत. शेतावर जाणाऱ्या माणसांची ती न्याहारीच असे. शिवाय घरात तांदूळ उकडा होता. उकडा तांदूळ म्हणजे तूस काढण्याआधी भात भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला तांदूळ. वाफवताना कोंड्यातील जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात आणि नंतर कोंडा निघाला तरी आत राहतात. म्हणूनच पूर्वी आंध्रच्या किनाऱ्यावर, जिथे गिरणीचा कच्चा तांदूळ खात, तिथे बेरीबेरी आढळत असे आणि उकडा खाणाऱ्या तमिळ भागात तो फारसा नसे. शहरात आल्यावर आपण दादीची अर्धीच रीत उचलली. भात वेळायचा, पण तांदूळ पॉलिशचा घ्यायचा आणि पेज गटारात ओतायची. फार तर सुती दुपट्ट्यांना खळ म्हणून थोडी वापरायची.

ही पेज किती मोलाची आहे हे बंगालला विचारावे. 1943 साली तिथे भयंकर दुष्काळ पडला. खेड्यांतून हजारो माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर आली. भात मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ती दारोदार 'फ्यान' मागत फिरत. फ्यान म्हणजे आपली गंजी. त्या दुष्काळात लाखो माणसे दगावली.

पण याच बंगालमुळे वेळलेल्या भाताची दुसरी बाजूही कळते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेश यांच्या मोठ्या भागात जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक आहे. मराठीत याला सोमल आणि उर्दूत संखिया म्हणतात. हे विष थोडे थोडे अनेक वर्षे पोटात गेले तर कर्करोगासारखे आजार होऊ शकतात. भाताचे शेत पाण्यात उभे असते, म्हणून भाताचे पीक इतर धान्यांपेक्षा आर्सेनिक जास्त शोषते. आणि ते कोंड्यात अधिक साठते. म्हणजे जो कोंडा जीवनसत्त्व देतो तोच आर्सेनिकही देतो! स्वच्छ पाण्यात भात शिजवून ते पाणी ओतून दिले तर त्याबरोबर बरेच आर्सेनिक निघून जाते. अर्थात शिजवण्याचे पाणीच दूषित असेल तर त्याचा फायदा राहत नाही. इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये एक मधला मार्ग सांगितला. तांदूळ भरपूर उकळत्या पाण्यात पाच मिनिटे शिजवायचे, ते पाणी ओतायचे, मग नवे मोजके पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर भात पुरा करायचा. पांढऱ्या तांदळातील जवळजवळ तीन चतुर्थांश आणि कोंडा असलेल्या तांदळातील निम्म्याहून अधिक आर्सेनिक या रीतीने कमी झाले.

ही रीत वाचून मला हसू आले. उकळत्या पाण्यात तांदूळ थोडे शिजवून, एक कणी कच्ची ठेवून, पाणी काढायचे आणि मग झाकण लावून दम द्यायचा. हे काम आपल्या लग्नांतले भटियारे कधीपासून करत आले आहेत! बिर्याणी अशीच होते. पुलावाची रीत मात्र वेगळी. त्यात यखनी मोजून घालतात आणि ती सगळी तांदळात मुरते, एक थेंबही फेकला जात नाही. पोषणाच्या हिशेबाने पुलाव हा कुकरच्या भाताचा मोठा भाऊ आहे. तुपाचा हिशेब मी इथे करत नाही. महाराष्ट्रात आर्सेनिकचा प्रश्न बंगालइतका मोठा नाही, म्हणून आपल्याकडे रोजच्या भाताचे पाणी टाकण्याची गरज मला दिसत नाही.

आता अब्बांचा प्रश्न. वेळलेल्या भातात साखर कमी असते का? वर्गात आम्ही एक प्रयोग केला. बशीत गंजी घेऊन तिच्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला. गंजी लगेच गडद निळी झाली. म्हणजे तिच्यात पिष्ट आहे. 'मग बाई, पिष्ट पाण्यात गेले, भात हलका झाला!' असे एक मुलगा म्हणाला. तेव्हा मी भाताचे एक शीत कुस्करून त्यावरही थेंब टाकायला सांगितला. तेही काळेनिळे झाले. पाण्याबरोबर पिष्टाचा थोडाच भाग जातो, बाकीचे सगळे दाण्यातच राहते. वेळलेला भात मोकळा दिसतो आणि पोटाला हलका वाटतो. पण दोन वाट्या वेळलेला भात एक वाटी कुकरच्या भातापेक्षा साखर जास्तच वाढवणार. डॉक्टरांनी अब्बांना कुकर सोडायला सांगितले नाही. त्यांनी विचारले, 'तुमची वाटी केवढी आहे?' आम्ही घरी जाऊन पाहिली तर ती वाटी नव्हतीच, तो वाडगा होता.

तेव्हापासून भात मोजून वाढला जातो. त्याच्याबरोबर डाळ, भाजी आणि मासे वाढले, कारण नुसत्या भातापेक्षा अशा जेवणाने रक्तातील साखर सावकाश वाढते. तांदूळही बदलला. गुरगुट्या, अगदी मऊ भात लवकर पचतो आणि साखर झटकन चढते. उकडा तांदूळ त्या मानाने सावकाश पचतो. त्यामुळे दादीचा उकडा पुन्हा घरात आला. मधुमेह त्याने बरा झाला असे मी म्हणणार नाही. औषध चालूच आहे. पण अब्बा भात खातात आणि त्यांचे ताटाकडे पाहून गप्प बसणे थांबले.

भात शिजून थंड झाला की त्यातील थोडे पिष्ट असे घट्ट बनते की ते लहान आतड्यात पचत नाही, तंतूंसारखे पुढे जाते. म्हणून थंड करून पुन्हा गरम केलेल्या भाताने साखर थोडी कमी वाढते. हे वाचून कोणी रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी खाऊ लागेल, म्हणून पुढचे सांगणे भाग आहे. कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि त्यांचे विष तयार होते. ते विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. उन्हाळ्यात तर हे फार लवकर घडते. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करून खावा. वास आला किंवा शिते बुळबुळीत लागली तर टाकून द्यावा. अर्थात वास न येताही भात बिघडलेला असू शकतो, म्हणून वासावर फार विश्वास नको.

आमच्या घरामागे एक बिसी आहे. यंत्रमागावर काम करणारे, गावाहून एकटे आलेले कारागीर जिथे महिन्याचे पैसे भरून जेवतात त्या खाणावळीला इथे बिसी म्हणतात. तिथे रात्रपाळीसाठी केलेला भात उरला की परातीत तसाच झाकून ठेवत आणि सकाळी फोडणी देऊन वाढत. गेल्या मे महिन्यात एका सकाळी तिथले सहा कारागीर उलट्यांनी आजारी पडले. दोन दिवसांची मजुरी बुडाली. मी तिथल्या भटियाऱ्याला फ्रिजबद्दल सांगितले तेव्हा तो हसला. चाळीस माणसांचा भात मावेल असा फ्रिज कुठून आणू, असे त्याने मला विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या दिवसांनी त्यानेच उत्तर काढले. आता रात्री तो तांदूळ कमी वैरतो आणि उशिरा येणाऱ्यांसाठी दुसऱ्यांदा लहान टोप चढवतो. गॅस थोडा जास्त लागतो, अशी त्याची तक्रार आहे. गंजीही तो आता ओतून देत नाही. पहिल्या पाळीचे लोक ती मीठ घालून पितात.